सिंह, अस्वल आणि मधला माणूस

'कार्टून' हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, तो त्याचा मूळ अर्थ नव्हे. इटालियन भाषेत 'कार्तोने' म्हणजे जाड कागद. भिंतीवर चित्र रंगविण्यापूर्वी, किंवा भिंतीवर टांगावयाचा पडदा विणण्यापूर्वी, चित्रकार त्याच आकाराचा आराखडा जाड कागदावर काढीत असे. त्या आराखड्यास कार्टून म्हणत. पोप लिओ दहावे यांनी १५१५ च्या सुमारास सिस्टाईन चॅपलच्या भिंतींवर लावावयाच्या पडद्यांसाठी राफाएलकडून अशीच कार्टून्स करवून घेतली. संत पेत्र आणि संत पौल यांच्या जीवनातील प्रसंग त्यांत रेखाटले होते. त्यांपैकी सात आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पाहावयास मिळतात. म्हणजे कार्टूनचा जन्मच मुळी भिंतीसाठी झाला.

मग हा शब्द हास्यचित्राला कसा चिकटला? १८३४ साली लंडनचे जुने संसदभवन आगीत भस्मसात झाले. नव्या भवनाच्या भिंतींवर ब्रिटनच्या इतिहासातील भव्य प्रसंग रंगवावेत असे ठरले आणि १८४३ साली वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्यासाठी आलेल्या कार्टूनांचे प्रदर्शन भरले. १७ जुलै १८४१ रोजी सुरू झालेले 'पंच' हे विनोदी साप्ताहिक तेव्हा अवघे दोन वर्षांचे होते. गरिबांच्या पोटात अन्न नाही आणि सरकार त्यांच्या डोळ्यांना मेजवानी देते आहे, ही गोष्ट 'पंच'ला बोचली. १५ जुलै १८४३ च्या अंकात जॉन लीच यांनी एक चित्र काढले. फाटक्या वस्त्रांतील, भुकेलेली, पांगळी माणसे एका दालनात उभी आहेत आणि भिंतीवरील गर्भश्रीमंतांच्या तसबिरी टकमक पाहत आहेत. या चित्रास 'पंच'ने उपरोधाने 'कार्टून क्रमांक १' असे नाव दिले. तेव्हापासून तो शब्द राजकीय व्यंगचित्राला कायमचा लागला. पहिले व्यंगचित्र अशा रीतीने भिंतीविरुद्ध होते आणि गरिबाच्या बाजूचे होते, एवढे आपण लक्षात ठेवू.

कारण पुढे दिवस पालटले. 'पंच' सुखवस्तू घरांत वाचले जाऊ लागले आणि त्याची व्यंगचित्रे साम्राज्याची भाषा बोलू लागली. १९९२ साली ते बंद पडले, १९९६ साली पुन्हा निघाले आणि २००२ साली कायमचे थांबले. तथापि त्याची चित्रे थांबली नाहीत. काचेच्या चौकटीत बसवून ती आज हॉटेलांत, क्लबांत, वकिलांच्या कार्यालयांत आणि हौशी लोकांच्या दिवाणखान्यांत टांगली जातात. सिंह, अस्वल, वाघ, गलेलठ्ठ जॉन बुल, त्रिशूळधारी ब्रिटानिया. रेषा सुरेख, काळ्या-पांढऱ्याचा मेळ उत्तम, शिवाय जुनेपणाची शोभा. पाहुणा क्षणभर थांबतो, हसतो आणि पुढे जातो. तो कशाला हसला, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

ही चित्रे कशी घडत, हे प्रथम पाहू. 'पंच'ची संपादक मंडळी दर बुधवारी रात्री एका मेजाभोवती भोजनास जमत. जेवण आटोपले की पुढील अंकातील मोठ्या चित्राचा विषय चर्चेने ठरे. म्हणजे चित्रातील विचार बहुधा एकट्या चित्रकाराचा नसे. तो त्या मेजाचा असे. जॉन टेनिएल हे मुलांच्या लाडक्या 'अ‍ॅलिस'च्या पुस्तकांचे चित्रकार, आणि तेच पन्नास वर्षे 'पंच'चेही चित्रकार होते. ते गुरुवारी विषयाचे चिंतन करून कच्चे रेखाटन करीत आणि शुक्रवारी पेन्सिलीने सरळ लाकडी ठोकळ्यावर चित्र उतरवीत. ठोकळा 'बॉक्सवूड' नावाच्या अतिशय कठीण लाकडाचा असे. हे झाड फार जाड वाढत नसल्याने मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे स्क्रूने जोडावे लागत. मग जोसेफ स्वेन यांच्या कारखान्यातील कारागीर रेषांमधील पांढरा भाग कोरून काढीत. कोरता कोरता मूळ रेखाटन नाहीसे होई. उरे तो छापण्याचा ठसा. काही जुन्या छापांत आजही एखादी बारीक पांढरी रेघ आडवी गेलेली दिसते. ती दोन तुकड्यांच्या जोडाची खूण होय. इतक्या मेहनतीने सिद्ध झालेल्या चित्राला कलेचे मोल आहे, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो.

टेनिएल 'पंच'मध्ये आले ती हकीकत आपल्या वाचकांना विशेष वाटेल. २९ सप्टेंबर १८५० रोजी पोप पायस नववे यांनी इंग्लंडमध्ये कॅथलिक महागुरूंची अधिकारव्यवस्था पुनःस्थापित केली. सुमारे तीन शतकांनंतर तेथे कॅथलिक धर्मप्रांत निर्माण झाले. यावर इंग्लंडात मोठे काहूर उठले. 'पोपचे आक्रमण' या नावाने वर्तमानपत्रे पेटली आणि 'पंच'ने पोपमहोदय व कार्डिनल वाइजमन यांच्यावर आठवड्यामागून आठवडा चित्रांचा मारा केला. 'पंच'च्या चित्रकारांत रिचर्ड डॉईल हा सव्वीस वर्षांचा कॅथलिक तरुण होता. साप्ताहिकाचे सुप्रसिद्ध मुखपृष्ठ त्यानेच काढले होते. आपल्या श्रद्धेची अशी विटंबना होत असता तेथे राहणे त्याच्या सदसद्विवेकबुद्धीला पटेना. त्याने राजीनामा दिला, चालती नोकरी आणि उगवती कीर्ती सोडली. त्याच्या रिकाम्या जागी टेनिएल आले. गंमत अशी, की डॉईलने काढलेले मुखपृष्ठ 'पंच'ने १९५६ पर्यंत वापरले. चित्रकाराने घर सोडले, पण शंभर वर्षे दारावर चित्र मात्र त्याचेच राहिले. व्यंगचित्र म्हणजे नुसती थट्टा, ती कोणी मनाला लावून घेऊ नये, असे म्हणणाऱ्यांस डॉईलचे उदाहरण पुरेसे उत्तर आहे. ज्याने स्वतः थट्टेवर पोट भरले, त्यालाच थट्टेचे वजन ठाऊक होते.

आता चित्रांकडे वळू. १८५७ च्या उन्हाळ्यात उत्तर हिंदुस्थानातील उठावाच्या आणि हत्यांच्या वार्ता लंडनला पोहोचू लागल्या. २२ ऑगस्ट १८५७ च्या अंकात टेनिएल यांनी 'ब्रिटिश सिंहाचा बंगाली वाघावर सूड' हे चित्र काढले. भूमीवर एक गोरी स्त्री आणि तिचे बाळ पडले आहे. त्यांच्यावर उभ्या असलेल्या वाघावर सिंह झेप घेत आहे. स्त्रिया आणि मुले मारली गेली होती, हे दुःख खरे होते. परंतु या चित्राने काय केले? हिंदुस्थानातील कोट्यवधी माणसांचा एक वाघ केला. वाघाशी कोणी न्यायाने वागत नाही. त्याची साक्ष कोणी घेत नाही, त्याची शिकार करतात. १२ सप्टेंबरच्या अंकात पुन्हा टेनिएल यांचे 'न्याय' हे चित्र आले. त्यात तलवार उपसलेली न्यायदेवता शिपायांना कापीत चालली आहे आणि एका बाजूस हिंदी स्त्रिया मुलांना कवटाळून आक्रोश करीत आहेत. त्याच सुमारास गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी ३१ जुलैच्या आदेशाने सरसकट फाशी देण्यास आळा घातला होता. दोषी आणि निर्दोष यांत भेद करा, एवढेच त्यांचे सांगणे. 'पंच'ने ऑक्टोबरमध्ये त्यांचीही टर उडविली. शिपायाला लाडावणारा दयाळू माणूस म्हणून त्यांना चितारले. दया हा थट्टेचा विषय झाला, तेव्हा सूड हा कर्तव्याचा विषय झालेला होता.

यावर कोणी म्हणेल, तो संतापाचा काळ होता. मग शांततेचा काळ पाहू. १८७५ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान डिझरेली यांनी इजिप्तच्या खेदिवाचे सुएझ कालव्यातील १,७६,६०२ समभाग सुमारे चाळीस लाख पौंडांना विकत घेतले. फ्रेंचांनी खणलेल्या कालव्यात ब्रिटनने पाय रोवला. ११ डिसेंबर १८७५ च्या 'पंच'मध्ये डिझरेली इजिप्तच्या वाळवंटात उभे आहेत. त्यांच्या हाती हिंदुस्थानच्या वाटेची भली मोठी किल्ली आहे आणि समोरचा स्फिंक्स डोळा मिचकावतो आहे. पुढच्या वर्षी, १५ एप्रिल १८७६ रोजी, ते अल्लाउद्दिनाच्या गोष्टीतील फेरीवाल्यासारखे राणीला जुना मुकुट घेऊन नवा देताना दिसतात. हा नवा मुकुट हिंदुस्थानच्या सम्राज्ञीपदाचा. दोन्ही चित्रे डिझरेलींना चिमटा काढणारी आहेत, हे खरे. 'पंच' आपल्या सत्ताधाऱ्यांना भीत नसे, हा त्याचा गुण आम्ही नाकारीत नाही. पण किल्ली कोणाच्या घराची आणि मुकुट कोणाच्या श्रमाचा, हे त्या चित्रांत कोठेच नाही. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात या पदवीची घोषणा झाली, तेव्हा दख्खन आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला होता. १८७६ ते १८७८ या काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली. त्याच दरबारास पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी हाताने काढलेल्या सुताची खादी लेवून गेले होते. नव्या मुकुटाच्या चित्राला पूर्ण करणारे ते दुसरे चित्र होते.

साम्राज्यांच्या चढाओढीचे सर्वांत बोलके चित्र ३० नोव्हेंबर १८७८ चे आहे. अफगाणिस्तानचा अमीर शेर अली मध्ये हताश उभा आहे. एका बाजूस रशियन अस्वल, दुसऱ्या बाजूस ब्रिटिश सिंह, आणि दोघांची नजर त्याच्यावर. 'माझ्या मित्रांपासून मला वाचवा' असे खाली शब्द आहेत. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, अशी आपल्याकडे म्हण आहे. साम्राज्यांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होत नाही, त्याचाच घास होतो. चित्र छापून आले त्यापूर्वी नऊ दिवस, २१ नोव्हेंबरला, दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले होते. शेर अली राजधानी सोडून उत्तरेकडे निघाला; रशियाची मदत आली नाही; २१ फेब्रुवारी १८७९ रोजी मझार-इ-शरीफ येथे तो मरण पावला. मे महिन्यात गंदमकचा तह झाला, सप्टेंबरात काबूलमधील ब्रिटिश प्रतिनिधी कॅव्हॅन्यारी आणि त्याचे रक्षक मारले गेले, आणि युद्ध पुन्हा पेटले. २७ जुलै १८८० रोजी मैवंद येथे ब्रिटिश फौजेचा दारुण पराभव झाला. जवळजवळ हजार माणसे तेथे पडली. त्या फौजेत मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या. ज्यांना अस्वलाशी वैर नव्हते आणि सिंहाशी नाते नव्हते, अशी आपल्याकडची माणसे त्या वाळूत मेली. चित्रात ती दिसत नाहीत, कारण सिंहाच्या पोटात शिपाई असतात हे चित्रकार दाखवीत नसतो.

आफ्रिकेचे चित्र याहून प्रसिद्ध आहे. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत चौदा राष्ट्रांनी त्या खंडातील व्यापाराचे आणि कब्जाचे नियम ठरविले. एकही आफ्रिकी प्रतिनिधी तेथे नव्हता. १० डिसेंबर १८९२ च्या 'पंच'मध्ये लिनली सँबर्न यांनी सेसिल र्‍होड्सला आफ्रिकेच्या नकाशावर उभे केले. एक पाय केपमध्ये, एक पाय कैरोत, पाठीला बंदूक, आणि पसरलेल्या दोन्ही हातांत तारायंत्राची तार. प्राचीन काळी र्‍होड्स बेटावर असलेल्या प्रचंड पुतळ्यावरील ही कोटी होती. आज सर्वांत जास्त भिंतींवर कदाचित हेच चित्र असेल. त्याकडे पुन्हा नीट पाहावे. संपूर्ण खंड रेखाटला आहे आणि त्यात एकही आफ्रिकी माणूस नाही. बुटाखाली कोणी चिरडलेलेही नाही. मुळात कोणी राहतच नाही, अशी ती भूमी. पुढच्याच वर्षी र्‍होड्सच्या कंपनीने मॅक्झिम तोफांच्या बळावर लोबेंगुला राजाचा देश घेतला, तेव्हा तेथे हजारो माणसे होती आणि ती मेली. र्‍होड्स १९०२ साली वारला. त्याची तार तोवर कैरोपर्यंत पोहोचली नव्हती.

या चढाओढीत दुबळी युरोपीय राष्ट्रेही भरडली गेली आणि तेथील चित्रकारांनी उलटून वार केले. अंगोला आणि मोझांबिक यांच्या मधला प्रदेश आपला, असे पोर्तुगाल नकाशावर गुलाबी रंगाने दाखवीत होता. ११ जानेवारी १८९० रोजी ब्रिटनने त्याला तेथून माघार घेण्याचा निर्वाणीचा खलिता धाडला आणि लिस्बनला नमावे लागले. या अपमानातून 'आ पोर्तुगेझा' हे गीत जन्मले. तेच पुढे पोर्तुगालचे राष्ट्रगीत झाले. व्यंगचित्रकार राफाएल बोर्दालो पिन्येइरो यांनी आपल्या नियतकालिकातून जॉन बुलला फाडून खाल्ले. त्यांनीच १८७५ साली 'झे पोव्हिन्यो' हा भोळा, गांजलेला, पण कधीमधी उसळणारा सामान्य पोर्तुगीज माणूस चित्रात आणला होता. मात्र ज्या भूमीवरून हे भांडण चालले, तिचा धनी तिसराच होता. त्याची बाजू लंडननेही घेतली नाही आणि लिस्बननेही नाही. ज्या गोव्यावर तेव्हा पोर्तुगालची सत्ता होती, तेथील मीठ आणि अबकारी यांचा कारभार १८७८ च्या तहाने ब्रिटिशांच्या हाती गेला होता. दोन राजे तह करतात आणि मिठागरावरचा माणूस किंमत चुकवितो, हे गोमंतकाने जवळून पाहिले.

फ्रान्सही मागे नव्हता. १६ जानेवारी १८९८ च्या 'ल पती जुर्नाल'च्या पुरवणीत आंरी मेयर यांनी चीन हा एक केक म्हणून दाखविला. व्हिक्टोरिया राणी, जर्मनीचा विल्यम, रशियाचा निकोलस, फ्रान्सची मारियान आणि जपानचा सामुराई त्याभोवती बसले आहेत आणि मागे एक चिनी अधिकारी हात वर करून ओरडतो आहे. येथे निदान लुबाडला जाणारा माणूस चित्रात आहे. पण तोही हास्यास्पद करून ठेवला आहे.

या लेखण्यांना अन्याय दिसतच नव्हता असे मात्र नव्हे. व्हिक्टोरिया राणीच्या निधनानंतर, २८ नोव्हेंबर १९०६ रोजी, त्याच सँबर्न यांनी एक चित्र काढले: बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाचे डोके असलेला रबराचा अजगर एका कांगोवासीयाला विळखा घालतो आहे. कांगोतील रबरासाठी चाललेल्या अत्याचारांविरुद्ध लोकमत जागे करण्यात अशा चित्रांचा वाटा होता. १९०८ साली कांगो लिओपोल्डच्या खाजगी मालकीतून काढून घेण्यात आला. चौदा वर्षांपूर्वी ज्या हाताला अख्ख्या खंडात एकही माणूस दिसला नव्हता, त्याच हाताला आता माणूस दिसला. मात्र अजगर परक्या देशाचा होता. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते, स्वतःच्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही, हे शुभवर्तमानातील वचन आणि मराठी म्हण येथे एकच गोष्ट सांगतात.

हे हत्यार आपल्या लोकांनीही उचलले, याची नोंद केली पाहिजे. मुंबईत १८५४ साली 'पारशी पंच' निघाले; पुढे बरजोरजी नवरोजी यांच्या हाती त्याचे 'हिंदी पंच' झाले. लखनौहून १८७७ पासून 'अवध पंच' निघू लागले. ठाण्याहून 'हिंदू पंच' हे मराठी साप्ताहिक निघत असे. लंडनच्या 'पंच'ची प्राणी आणि देवता दाखविण्याची रीत या मंडळींनी घेतली, पण मधल्या माणसाला त्यांनी मध्यभागी आणले. हिंददेवी लुगडे नेसून आली, करांचे ओझे वाहणारा रयत आला, 'पंचोबा' आपल्या भाषेत बोलू लागला.

तर मग ही चित्रे भिंतीवर लावू नयेत काय? तसे आमचे म्हणणे नाही. जाळून टाकलेले चित्र काही शिकवीत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की छापातील व्यंगचित्र बातमीच्या शेजारी असते. वाचकाला प्रसंग ठाऊक असतो, तो सहमत होतो किंवा चिडतो. भिंतीवर गेले की प्रसंग गळून पडतो. पुष्कळदा तारीख आणि खालच्या ओळीही कापल्या जातात. उरते ते रुबाबदार जनावर. भिंतीला एक मान असतो. आपण तिच्यावर आईवडिलांची तसबीर लावतो, संतांची मूर्ती ठेवतो. जे तेथे जाते त्याला घरातील मुले पूज्य नाही तरी निर्दोष समजतात. म्हणून ज्याला हौस आहे त्याने चित्र तारखेसह लावावे, मूळ ओळींसह लावावे, आणि मुलाने विचारले, 'यात लोक कुठे आहेत?' तर उत्तर तयार ठेवावे. शाळेत लावावयाचे असेल तर लंडनच्या सिंहाशेजारी मुंबईचा 'पंचोबा'ही लावावा. म्हणजे एकाच काळाचे दोन डोळे विद्यार्थ्यांस दिसतील.

सिंह आणि अस्वल यांच्या या वैरातूनच, १८३८ साली, पहिले अफगाण युद्ध सुरू झाले होते. त्यात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या स्मरणार्थ मुंबईत कुलाब्याला अँग्लिकन पंथीयांनी संत योहानाचे मंदिर बांधले. १८५८ साली त्याचे पवित्रीकरण झाले. लोक त्यास 'अफगाण चर्च' म्हणतात. तेथील भिंतीवर पडलेल्या अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. सोबतच्या लेखात साध्या शिपायांचाही उल्लेख आहे. मात्र ते इतके होते की त्यांची नावे लिहिणे शक्य झाले नाही, असे तेथे म्हटले आहे. ज्यांना सिंहाचे चित्र दिवाणखान्यात लावावयाचे आहे, त्यांनी एकदा कुलाब्यास जाऊन ती भिंतही पाहून यावी.